जित्या सवतीचा टाक

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावण शुद्ध ५, शके १८४३

हौसाक्का यांस,

नावाआधी काय लिहावं ह्यातच सकाळ गेली. कैलासवासी लिहायला हात धजत नाही, सौभाग्यवती लिहावं तर खात्री नाही. म्हणून आज नुसतं नाव लिहिलं आहे. तुम्ही असाल तर कळवा, पुढच्या खेपेला रीतसर लिहीन. नसाल, तर हा कागद तिकडच्या हिरण्यकेशी नदीत सोडून दे असं मी लालबीला सांगितलं आहे.

कागद अडतीतल्या जुन्या पट्टीचा पाठकोरा आहे. राग मानू नये. चांगला कागद वाया घालवणं माझ्यानं होत नाही, आणि हा वाया जाणार की नाही हे मला अजून माहीत नाही.

मी तुळसा. शाहूपुरीत ज्यांची गुळाची अडत आहे त्यांची दुसरी बायको. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी हौसेनं मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि तोवर माझं वय वाढलं, म्हणून बिजवर पत्करला. वडिलांनी विचारलं होतं, पहिली बायको कशानं गेली? आत्याबाईंनी, म्हणजे आपल्या सासूबाईंनी सांगितलं की मानमोडीच्या साथीत तापानं, माहेरी आजऱ्याला. आणि तुमचा टाक पुढं ठेवला. सोनाराकडून घडवलेला टाक बघितल्यावर आणखी पुरावा कोण मागतो? वडिलांनी टाकाला हात जोडले.

तो टाक लग्नाच्या दिवसापासून माझ्या गळ्यात आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाई, काळ्या पोतीत ओवलेली, मंगळसूत्राच्या खाली. त्या तुम्ही. नवं लुगडं आलं की आधी तुम्हांला नेसवायचं, म्हणजे घडी टाकावर ठेवून हळदकुंकू वाहायचं, मग मी नेसायचं. सणाचा पहिला घास तुमचा. कुठं दुखलं-खुपलं की आत्याबाई म्हणतात, "तिला काय कमी पडलंय बघ."

काल पंचमीच्या बांगड्या भरायला लालबी आली. तुम्ही तिला ओळखता. ती मंगळवार पेठेतली असली तरी तिचं माहेर आजऱ्याचं. मी रीतीप्रमाणं म्हटलं, "पहिली बांगडी हौसाबाईंच्या नावाची काढून ठेव."

"कंची हौसाबाई?"

"माझी सवत. आजऱ्याची. मानमोडीत गेलेली."

लालबीनं माझा हात धरला होता तो सोडला. आत्याबाई परड्यात होत्या, तिकडं एकदा बघितलं आणि हळू बोलली, "आकाराम पाटलाची भन? हनुवटीवर गोंदलेली? अगं, आखाडात माहेराला गेलतो तवा तिला मी हिरव्या बांगड्या भरून आलोय की! ती मेली आसंल तर मी कुणाला भरल्या?"

माझ्या हातात अर्ध्या बांगड्या होत्या. उरलेल्या मी भरूनच घेतल्या नाहीत. आत्याबाईंना सांगितलं, कळ आली म्हणून नको म्हटलं.

आक्का, मला चौथा महिना आहे. पहिलं पोट गेल्या वर्षी पडलं. तेव्हा घरात सगळे म्हणाले सवतीनं नेलं. मीही म्हणाले. काल दुपारपासून मला कळेना झालं आहे की माझ्या गळ्यात कोण आहे. मेलेल्या बाईला रोज पुजत होते तोवर भीती होती, पण तिला रीत होती. जित्या बाईला मेली म्हणून रोज फूल वाहणं, ह्याला काय म्हणतात? त्याचं तुम्हांला काही होत असेल का? लालबी म्हणाली तुम्ही वाळलात. ताप येतो का? कधीपासून येतो?

मालकांना मी काही बोलले नाही. ते साधे आहेत, आईपुढं तोंड वर करत नाहीत. त्यांना त्रास नको.

तुम्हांला वाचता येतं असं लालबी म्हणते. उत्तर तिच्याच हाती द्यावं. टपालानं देऊ नये.

तुळसा


श्रावण वद्य २

सौभाग्यवती हौसाक्का यांस,

बघा, लिहिलं.

तुमचा कागद लालबीनं बांगड्यांच्या टोपलीत, चोळीखाली लपवून आणला. मी तो देवघरात बसून वाचला. आधी अंबाबाईपुढं ठेवला, मग उघडला. तुम्ही माझी थट्टा केली ते बरं झालं. "धाकटे, टाकानं ताप येत न्हाय. आजऱ्याचा पाऊस बघितलायस का? हितं दगडाला बी हिव भरतं." हे वाचून मी हसले, आणि हसताना रडले. तरी पुढं तुम्ही जे लिहिलं त्यानं हसू गेलं.

तुम्ही लिहिता की ह्या ज्येष्ठातसुद्धा वडाला दोरा गुंडाळला, मालकांच्या आयुष्यासाठी दिवसभर पाणी घेतलं नाही. आक्का, त्याआधीच्या पितृपक्षात इथं तुमचा नवमीचा घास घातला होता. मी स्वतः खीर केली. कावळ्यानं झटक्यात नेली. त्याला काय कळतं.

विचारलंत, तुमच्या नावानं काय काय केलं. जे माहीत आहे ते सांगते. साथीत तुम्हांला ताप आला म्हणून माहेरी गाडीनं पाठवलं, हे खरं ना? मग एका गाडीवानानं निरोप आणला की हौसा गेली. साथ एवढी की कोणी आजऱ्याला गेलं नाही. नदीवर जाऊन आंघोळी केल्या, दिवस घातले, तेरावं केलं. तुमच्या बांगड्या, जोडवी, डोरल्याचे मणी ब्राह्मणाला दिले. मग टाक.

आणि तुम्ही लिहिता की त्याच पौषात आकारामदादा अडतीवर आले होते, तुम्ही बऱ्या झालात हे सांगायला, आणि "शिमगा झाला की नेतो" असा निरोप मिळाला. म्हणजे तेरावं झाल्यावर महिनाभरात ह्या घराला कळलं होतं. मग शिमग्याला कोणी आलं नाही, दादा पुन्हा गेले तर शुक्रवार पेठेतलं घर मोकळं, आणि दादांनी रागानं अडतीवर न जाताच नाद सोडला. घर का बदललं ते मला वेगळं सांगितलं होतं. वास्तू लाभत नाही म्हणून. इथं मंगळवार पेठेत तुम्हांला ओळखणारं कोणी नाही, हे आज माझ्या लक्षात येतंय.

ह्या घरात आत्याबाईंच्या हुकुमाशिवाय मीठसुद्धा आणत नाहीत. तेव्हा हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते उघड आहे. आता त्या माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडतात तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून उठते. जी बाई जित्या सुनेचा टाक घडवते, ती माझाही घडवील. मूल झालं नाही तर तुमचं असं झालं. माझं झालं नाही तर?

मालकांना मी आडून विचारलं, "त्या कशानं हो गेल्या?" ते म्हणाले, "तापानं," आणि अर्ध्या जेवणावरून उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी इरकल आणलं. अजून त्यांना तुमचं दुःख होतं. हे तुम्हांला बरं वाटावं म्हणून लिहिते.

इरकल मी नेसले नाही. नेसायचं तर आधी तुम्हांला वाहावं लागतं.

तुळसा


भाद्रपद शुद्ध ११

सौ. हौसाक्का यांस,

गौरी गेल्या. गौरीपुढं आत्याबाईंनी माझी ओटी भरली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे एवढं सुखरूप पार पडू दे." गौरीकडं बघत नव्हत्या, माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघत होत्या. इतकं नाटक कोणाला जमतं!

आता खरी गोष्ट. मला मध्ये दोन दिवस दुखलं. थोडं अंगावर गेलं. वैद्यांनी झोपवून ठेवलं, आता बरं आहे. पण आत्याबाईंनी धसका घेतला, की घेतल्याचं सोंग केलं, आणि गावाबाहेरचा एक देवरुषी घरी आणला. त्यानं टाक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई लई तहानलेली हाय. हिला बांधून घालायला पायजे. न्हायतर पोर काय राहू देत न्हाय."

बांधायचं म्हणजे असं. तुमच्या अंगाला लागलेलं एक वस्त्र हवं. आत्याबाईंनी ट्रंकेतून तुमची एक जुनी चोळी काढली, ती ब्राह्मणाला द्यायची राहिली होती. तिचा तुकडा, लिंबू आणि टाक एकत्र बांधून सर्वपित्री अमावास्येला उंबऱ्याखाली पुरायचा आणि वर लोखंडी खिळा ठोकायचा. तुमचं नाव घेऊन. ठोकायचा मी.

मी म्हटलं, "मला नाही जमणार."

आत्याबाई म्हणाल्या, "मॅट्रिक झालीस म्हून? पुस्तकात न्हाय म्हून?"

"तसं नाही."

"मग कसं? दोन नातवं घालवू का मी? आगं मला काय हौस हाय व्हय तिला खिळा मारायची! माझ्याच हातची वाढलेली पोर ती. पर मेल्यालं माणूस आपलं ऱ्हात न्हाय, तुळसा."

"मेल्यालं माणूस" हे शब्द त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून उच्चारले.

आक्का, तुम्ही म्हणाल ही शिकलेली असून खिळ्याला भिते. शाळेत मला भूमितीत पहिला नंबर होता. पण मी देवाला मानते. हळदकुंकू खरं मानते, ओटी खरी मानते, मग खिळा तेवढा खोटा कसा मानू? जे मेलेल्याला बांधायला आहे ते जित्या माणसावर ठोकलं तर काय होतं, हे देवरुष्यालाही ठाऊक नसेल. तुम्हांला काही झालं तर ते पाप माझ्या पोटातल्या जीवावर येईल. आणि ठोकला नाही तर हे पोट पडलं की म्हणतील, बघ, ऐकलं नाहीस.

टाक काढून टाकावा म्हटलं तर कुठं ठेवू? पंचगंगेत सोडला तर तुम्हांला बुडवल्यासारखं होईल. देव्हाऱ्यात ठेवला तर तुम्ही पितर होता. गळ्यात असेपर्यंत निदान माझ्या अंगाची ऊब तरी आहे त्याला. अशा विचारांनी माझं डोकं फिरायला लागलं आहे.

खरं सांगायला जावं तर कोणाला? मालकांना सांगितलं आणि ते आईला जाऊन विचारतील. मग त्या मला घरात ठेवतील का? आणि त्यांनी ठेवलं, तुम्हांला परत आणलं, तरी मग मी कोण? हे मी पहिल्या पत्रापासून मनात धरून आहे आणि लिहीत नव्हते. मला तुमचीसुद्धा भीती वाटते, आक्का. मेलात तेव्हा जेवढी वाटत होती त्याहून जास्त.

तुळसा


भाद्रपद वद्य ४

सौ. हौसाक्का,

लालबी दारात उभी आहे, तिचा मुलगा बाबालाल गाडी जुंपून वाट बघतोय. म्हणून भराभर लिहिते.

तुमचं उत्तर पोचलं. "मी येऊ का?" एवढंच विचारलंत. तुम्हांला राग आला आहे हे अक्षरांवरून कळतं.

या. पण अशा या की कोणी दारातून परतवू शकणार नाही.

वद्य नवमीला तुमचं अविधवा नवमीचं जेवण आहे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. सवाष्ण सांगायचं काम आत्याबाईंनी मला दिलं आहे. मी तुम्हांला सांगते आहे. रीतसर आवतण समजा. कुंकू लावून, बांगड्या भरून, मळवट नाही पण ठसठशीत, अशा या. सवाष्ण म्हणून पाटावर बसलेल्या बाईला कोणी हात धरून उठवत नाही. जेवणाच्या वेळेला शेजारच्या चार बायका असतात, त्यांच्यापुढं काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मला बोलता येणार नाही. माझी जीभ उचलत नाही, मी करून बघितलं.

मालक त्या वेळी अडतीवर असतात. 

अमावास्येच्या आत झालं पाहिजे.

तुळसा


भाद्रपद वद्य १०

सौभाग्यवती हौसाक्का यांस साष्टांग नमस्कार,

काल तुम्ही खाली मान घालून जेवलात, आणि झाल्यावर थांबला नाहीत. त्यामुळं जे तुम्हांला दिसलं नाही आणि तुम्ही गेल्यावर जे झालं, ते सगळं सांगायला हवं. आज कोरा कागद घेतला आहे.

तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा आत्याबाईंच्या हातातला तांब्या पडला. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, ओळखलं, आता हाकलतील. पण त्या "या" म्हणाल्या, एवढ्या हळू की आवाज त्यांचा वाटेना. पाट मांडला. तुमचे पाय धुवायला बसल्या आणि किती वेळ धूत राहिल्या! मी मनात म्हटलं, काय बाई आहे! स्वतःच्या सुनेचे पाय परक्या सवाष्णीसारखे धुते आहे, म्हणजे तोंडावर नाकारते आहे, तेही रीत पाळून. वरण वाढताना माझ्या हातातून पळी निसटली ती त्या भीतीनं.

शेजारच्या धोंडुबाईला गप्प बसवत नाही हे तुम्ही बघितलंच. तुम्हांला वाटलं असेल मी तिला पढवलं होतं. देवाशपथ नाही. ती सगळ्यांनाच छळते.

"पावण्याबाई, निस्तंच जेवताय. नाव तरी घ्या की!"

कोणीतरी म्हणालं, "धोंडे, पक्षाचं जेवण हाय, हळदीकुंकू न्हवं."

"मग? दादल्याचं नाव घ्यायला पक्ष आडवा येतोय व्हय? सवाष्ण म्हून बसलीय न्हवं?"

तुम्ही घास खाली ठेवलात. मान वर केली नाहीत. आणि म्हणालात,

"भादव्याच्या नवमीला वाढलं केळीच्या पानावर,
सयाजीरावांचं नाव घेतो, जीव हाय थाऱ्यावर."

आक्का, मी तो उखाणा कालपासून सारखा मनात म्हणते.  धोंडुबाईच म्हणाली, "आं? सयाजीराव? ह्ये तर आमच्या तुळसाच्या मालकाचं नाव!" आणि मग आत्याबाई तुमच्या पानापुढं आडव्या झाल्या. खरकट्यात कपाळ टेकून. "हौसा, पोटभर जेवलीस न्हवं गं? आता जा बाई. माझं काय चुकलं आसंल तर मला ने. पर ह्या पोरीचं पोट सोड."

त्यांचा तो आवाज ऐकला आणि मला कळलं. ती सोंगं नव्हती. एकही नव्हतं.

त्या तुम्हांला मेलेलीच समजत होत्या, आक्का. तीन वर्षं. दारात तुम्ही दिसलात तेव्हा त्यांना वाटलं, घास न्यायला हौसा स्वतः आली. मला नंतर म्हणाल्या, "पाय धुताना बघत हुतो, टाचा म्होरं हायत का मागं. सरळ हुत्या. तरी बी धीर झाला न्हाय ईचारायचा." तुम्ही त्यांचा हात उचलून स्वतःच्या मनगटावर ठेवलात, "आत्याबाई, मी आजऱ्यासनं बाबालालच्या गाडीतनं आलोय. मी जिती हाय. बघा की," म्हणालात, तेव्हा त्यांनी तुमचा हात कोपरापर्यंत चाचपला. "गरम हाय की गं," म्हणाल्या. लहान पोरीसारख्या. मग तुम्हांला धरून जे रडल्या ते तुम्हांला ठाऊक आहे.

आणि मी महिनाभर त्या बाईला राक्षसीण समजत होते. त्यांच्या हातचं खाताना अंबाबाईचं नाव घेत होते.

तुम्ही म्हणालात, "मालक यायच्या आत निघतो. त्यांनी माझ्याकडं यायचं. त्यांच्या दारात वाट बघत आता मी बसत न्हाय." त्या वेळी मला तुमचा राग आला, मला एकटीला टाकून चाललात म्हणून. आज वाटतं तेच बरं झालं. तुम्ही असता तर ते तुमच्या पाया पडले असते, रडले असते, आणि त्या रडण्यात सगळं वाहून गेलं असतं.

धोंडुबाईचा नवरा पळत अडतीवर गेला होता. मालक आले ते घामानं निथळत. चप्पलसुद्धा काढली नाही. पहिला प्रश्न काय विचारला? "गेली का?" दुसरा, "कशी दिसत होती?" दुसरा प्रश्न मला लागला. तेही तुम्हांला सांगते, लपवत नाही.

आत्याबाई देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "सयाजी, हौसा गेल्याचा सांगावा आला तवा मी हुतो. त्यो गाडीवान चुकला आसंल. ती जगल्याचा सांगावा कुणाला आला?"

त्यांनी आता चप्पल काढायला घेतली.

मग माझी जीभ उचलली. मी म्हटलं, "पौषात आकारामदादा अडतीवर आले होते. शिमगा झाला की नेतो म्हणून कोणी सांगितलं?"

त्यांनी आईकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?" म्हणाले. खोटं म्हणाले नाहीत, आक्का. कोण आकाराम, असंही म्हणाले नाहीत. कुणी सांगितलं, एवढंच.

मी तुम्हांला लिहीत होते ना, ते साधे आहेत, आईपुढं तोंड वर करत नाहीत, अजून दुःख आहे म्हणून जेवणावरून उठतात? लिहिताना मला खरंच तसं वाटत होतं, की तसं वाटावं म्हणून मी लिहीत होते, हे आज सांगता येत नाही. माझ्या गळ्यात टाक त्यांनी स्वतः बांधला होता. लग्नात, सगळ्यांपुढं. तुम्ही जिवंत आहात हे ठाऊक असताना गाठ मारली, आणि गाठ मारताना त्यांचा हात जरासुद्धा हलला नव्हता. मला आठवतं, कारण माझा हलत होता.

मग बोलले ते असं. "तेरावं झालतं. आईनं टाक घडवायला दिलावता. गाव सांत्वनाला येऊन गेलतं. आता कुठल्या तोंडानं सांगू, म्हटलं. आज सांगू, उद्या सांगू, करत ऱ्हायलो. आणि..." 

"आणि काय?" आत्याबाई.

"आठ वर्सं मूल न्हवतं की."

आत्याबाई उठल्या. माझ्या मानेमागं हात घालून काळी पोत सोडली. गाठ सुटेना, दातानं सोडली. मंगळसूत्राला धक्का लागू दिला नाही. आणि टाक मालकांच्या गळ्यात बांधला. ते ओरडले, "आई, हे काय? गडीमाणसाला?"

"जितीला मारलीस तू. आता पूज बी तूच. सकाळी फूल, सणाला घास, नवं धोतर आणलास की आधी तिला. तिनं तोंडानं काढ म्हणेपर्यंत काढायचा न्हाय. आणि काढलास, तर मी घरातनं गेलो म्हून समज."

सकाळी ते अडतीवर गेले तेव्हा सदऱ्याच्या आत तो होता. पोत बाहेर दिसत होती. धोंडुबाईनं बघितलं, म्हणजे पेठेनं बघितलं.

देवरुषी दुपारी आला होता, खिळा घेऊन. आत्याबाई म्हणाल्या, "बाई जिती हाय. तहान-बिहान काय न्हाय तिला, काल दोन वाट्या खीर पिऊन गेली." तो म्हणाला, "मग लिंबवाचं काय?" आत्याबाईंनी लिंबाचं लोणचं घातलं.

माझं पोट बरं आहे. पण काल रात्री झोप लागली नाही. इतके दिवस भीती होती ती एका जागी होती, गळ्यात. आता ती शेजारी घोरते. ते मला वाईट वागवत नाहीत. कालही विचारलं, पाय दुखतात का. मी नाही म्हटलं आणि भिंतीकडं वळले.

परवा ते आजऱ्याला यायला निघतील. आत्याबाई बरोबर येणार, त्यांनीच ठरवलं. ते एकटे भेटू म्हणतील तर भेटू नका. एकटे असले की ते सगळं आईवर ढकलतील, मी महिनाभर ढकललं तसंच, आणि तुम्हीही विश्वास ठेवाल, कारण आत्याबाईंचा आवाज मोठा आहे. जे विचारायचं ते दोघांना समोरासमोर बसवून विचारा. आकारामदादांना जवळ बसवा.

नांदायला येते म्हणालात तर हे घर आधी तुमचं आहे. मी चूल वेगळी मांडीन, किंवा एकच ठेवू, तुम्ही म्हणाल तसं. काडीमोड हवी असेल तर ती पंचांपुढं मागा, मोकळ्या व्हा, दुसरं घर करा; मी दर वर्षी तुमच्या नावानं वडाला पाणी घालीन. नुसतं पोटापुरतं हवं असेल तर अडतीतला हिस्सा लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं मानू नका. हे मी त्यांची बायको असून लिहिते आहे.

तुम्ही ह्यांतलं काय मागाल ह्याची मला फार भीती वाटते, आक्का. तरी मागा.

तुमची धाकटी
तुळसा